पुठ्ठ्याच्या खोक्यात वरण

मे महिन्यात घाटाखाली, म्हणजे मलकापूर-खामगावकडे, गच्चीवर टाकलेल्या कुरडया बघता बघता खडखडीत वाळतात. त्याच गच्चीवर, त्याच उन्हात, वरण शिजेल? ना चूल, ना गॅस?

शिजतं की! एका मोठ्या खोक्यात लहान खोकं ठेवा. मधल्या फटीत जुन्या गादीतला कापूस कोंबा. कापसाला आपल्याकडे काय तोटा! आतल्या भिंतींना पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवा, तळाशी काळा पत्रा, वर घट्ट बसणारी काच. खोक्याच्या झाकणालाही आतून फॉइल लावून ते तिरकं उभं करा. आता बाहेरून काळा रंगवलेला, झाकणाचा पातळ डबा आत ठेवा. डब्यात भिजवलेली तुरीची डाळ.

आता गंमत बघा. ऊन काचेतून सहज आत शिरतं, काळ्या डब्यावर पडतं आणि त्याची उष्णता होते. तापलेला डबाही किरण फेकतो, पण ते आपल्या डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त. आणि आरपार दिसणारी तीच काच या किरणांना मात्र चक्क अडवते! उजेडाला खिडकी, उष्णतेला भिंत. शिवाय वाळवणाला हवाहवासा वाटणारा वाराही इथे बाहेरच राहतो.

मग घाटावरच्या गार बुलढाण्यात, चिखलीत हे जमेल का? हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूरला पडला होता. १७६७ मध्ये त्यानं काचेच्या पेट्यांत ऊन कोंडून पाहिलं. पुढे तशीच पेटी घेऊन गडी आल्प्समधल्या क्रामाँ डोंगरावर चढला. माथ्यावर हवा जेमतेम ६ अंश सेल्सिअस, पेटीत ८८! दुसऱ्या दिवशी खाली, बऱ्याच उबदार हवेत, पेटीत जवळपास तेवढेच. म्हणजे शिजवते ती तापलेली हवा नव्हेच, शिजवतं ते ऊन. डिसेंबरातल्या थंडीतही आकाश निरभ्र असलं की झालं. फक्त भरदुपारीही सूर्य ४६ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून तेव्हा झाकणाचा आरसा नीट वळवायचा.

घाई मात्र चालत नाही. दीड फूट लांब-रुंद काचेवर भरदुपारी साधारण २०० वॅट ऊन पडतं, त्यातलंही बरंच वाटेत गळतं. त्यामुळे वरणाला दोन-तीन तास द्या, आणि दर दहा मिनिटांनी काच उचलून डोकावू नका. डाळ-तांदळाला नव्वदेक अंश पुरतात, लागायची भीती नाही.

भाकरीचं काही इथे जमायचं नाही. तिला याहून कितीतरी जास्त तापलेला तवा लागतो. तेवढ्यापुरती चूल पेटवा.