मोत्या, मनी आणि बर्फ

हिमप्रदेशाच्या चित्रांत एक दृश्य पुष्कळदा आढळते. अंगण पांढऱ्याशुभ्र बर्फाने भरून गेले आहे. कुत्रा त्यात लोळतो आहे, तोंड खुपसून बर्फ उधळतो आहे. मांजर मात्र उंबरठ्यावर बसले आहे. एक पाऊल बाहेर टाकते, झटकते आणि पुन्हा आत घेते. हे चित्र पाहून अमरावती-अकोल्याच्या मुलांना शंका येणे साहजिक आहे. त्या कुत्र्याला थंडी कशी वाजत नाही? आणि आपला मोत्या तेथे नेला, तर तोही असाच खेळेल काय?

आपल्या वऱ्हाडात हिमवर्षाव होत नाही. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदराही त्याला अपवाद नाही. आपल्याकडे पडतात त्या गारा, आणि त्यांत खेळायला कोणी प्राणी जात नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील गहू, हरभरा आणि फळबागा झोडपून काढल्या होत्या. ताजे हिम अगदी निराळे असते. घरात रचलेल्या कापसाच्या ढिगात ज्याने उडी घेतली आहे, त्याला त्या मऊपणाची थोडी कल्पना येईल.

आता पहिल्या शंकेकडे वळू. धावताना, उड्या मारताना स्नायूंत उष्णता उत्पन्न होते. ती बाहेर टाकता आली नाही, तर खेळ लवकर थांबवावा लागतो. आपण घाम गाळून अंग निववतो. कुत्र्याला ही सोय फारशी नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंडातील ओलावा वाऱ्यावर उडून जातो आणि शरीर थंड होते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला, म्हणजे भोवतालची हवाच त्याच्या अंगाहून तप्त होते. अशा हवेत तो उष्णता टाकणार कोठे? बर्फात ही अडचण उरत नाही, आणि म्हणून तेथला कुत्रा कितीतरी वेळ न थकता बागडतो.

अर्थात त्याला थंडीपासून बचावही करावा लागतो. हिमप्रदेशातील कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर लांब, राठ केस व खाली दाट लोकर. त्या लोकरीत हवा कोंडून राहते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. पण बर्फावर टेकलेल्या पंजांचे काय? २०११ साली जपानी शास्त्रज्ञांनी याचे मर्म दाखवून दिले. पंजांत ऊन रक्त आणणाऱ्या रोहिण्या आणि थंड रक्त परत नेणाऱ्या नीला एकमेकींना अगदी लगटून असतात. परतणारे रक्त वाटेतच ऊन होते, आणि पंजांतील गारठा शरीरात पोहोचत नाही. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांचे झुबकेदार केसांचे कुत्रे अशा थंडीत कळपांची राखण करतात. आपल्या मोत्याचे केस आखूड आणि विरळ. तो बर्फात घटकाभर खेळेल, आणि मग कुडकुडत चुलीपाशी येईल.

तेथे मनी आधीच बसलेली असेल! कुत्र्याचा पूर्वज लांडगा. त्याच्या वंशाने अतिथंड प्रदेशांतही वस्ती केली. मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व आफ्रिका येथील कोरड्या, उष्ण मुलखातील रानमांजरे होत. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेले एका मांजराचे अवशेष सापडले आहेत. ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहेत. त्या वाळवंटी वारशामुळे मनीला ऊब प्रिय आणि ओल अप्रिय. तरी नॉर्वेतील दाट केसांची मांजरे बर्फातही हिंडतात, हे सांगितले पाहिजे.

दोघांच्या खेळण्याची तऱ्हाही भिन्न. कुत्रा पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकून आणि पार्श्वभाग उंच करून सोबत्याला खेळावयास बोलावतो. मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम: दबा धरणे आणि झेप घेणे. कुत्रा आनंदाने शेपूट हलवतो. मांजराने शेपूट जोरजोराने आपटली, तर ते चिडले आहे असे समजावे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि मग ओरबाडे निघतात. परंतु दोघे लहानपणापासून एकत्र वाढले, तर बहुधा परस्परांच्या खुणा समजू लागतात, असे इस्रायलमधील संशोधकांना २००८ साली आढळून आले.

अलीकडे आपल्या शहरांतही हस्की कुत्रा पाळण्याची हौस दिसू लागली आहे. ईशान्य सैबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरील गाड्या ओढण्यासाठी जोपासलेली ही जात. दिसायला मोठी देखणी; पण वऱ्हाडच्या वैशाखात तिला आणणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. तिचे दुहेरी केस म्हणजे अंगावरून न उतरणारी घोंगडी. भर दुपारी तिला डांबरी सडकेवर फिरवले, तर तळवे भाजतातच, शिवाय उष्माघाताने प्राणही जाऊ शकतो. पौषातील पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा मात्र ती उत्साहाने धावेल. मोत्याला या उन्हाळ्याची रीत ठाऊक आहे. तो निंबाखालच्या रांजणाजवळची ओली माती उकरतो आणि तिला पोट टेकून पडतो. पोटावरचे केस विरळ असल्याने तेथूनच अंगाची उष्णता मातीत उतरते.