जुन्या फ्रिजची पेटी मोडू नका

खवा आणि दुधासाठी ओळखल्या जाणाऱ्या भूमसारख्या तालुक्यात थंडावा ही रोजची गरज आहे. म्हणूनच मेकॅनिकच्या घरी साठलेले बंद फ्रिज थेट भंगारात जाऊ नयेत. कुतूहल बहुधा कॉम्प्रेसरभोवती घुटमळतं. पण खरी मोलाची आहे ती पेटी. तिच्या भिंतींतला पॉलियुरेथेन फोम वर्षानुवर्षं टिकतो. बर्फ भरला की वीज नसतानाही खवा काही तास थंड राहतो. शिवाय फार जुन्या फ्रिजांच्या फोममध्ये ओझोनला घातक सीएफसी वायू असतो. पेटी फोडली की तो सुटतो.

कॉम्प्रेसरचा हवेचा पंप होतो, हेही खरं. मात्र एरवी त्याची मोटर परतणाऱ्या थंड वायूने गार होते. नुसती हवा ओढताना ती तापते, तेलही हवेबरोबर बाहेर पडतं. म्हणून तो थोडाच वेळ चालवावा आणि मोटर तापली की वीज तोडणारा ओव्हरलोड प्रोटेक्टर कधीच काढू नये. कॉम्प्रेसर काढायला नळी कापली की फ्रिजमधला गॅस सुटतो. ‘एवढ्याशा गॅसने काय बिघडतं?’ असं कुणी म्हणेल. अनेक फ्रिजांमधला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वी तापवतो. १५० ग्रॅम सोडला तर दोनशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. काही फ्रिजांमधला आर-६००ए तर पेट घेतो. तेव्हा नळी कापण्याआधी गॅस त्या प्रकारच्या गॅसला चालणाऱ्या रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्या. आणि लहान मुलं आत कोंडली जाऊ नयेत म्हणून वापरात नसलेल्या पेटीचं दार आधी उतरवा.