चिखलाने राखलेला कोट

मराठी माणूस किल्ला बघायला गेला की त्याची नजर आधी वर जाते. बुरूज किती उंच, तट किती रुंद, दरवाजा कसा वळवून लपवलाय, बालेकिल्ल्याची चढण किती, हे मोजल्याशिवाय त्याला किल्ला बघितल्यासारखा वाटत नाही. रशियाच्या वायव्येला व्होल्खोव्ह नदीच्या काठी वसलेल्या वेलिकी नोव्हगोरोदमध्ये ही सवय अर्धीच कामाला येते. इथे तट आहे, बुरूज आहेत, खंदक आहे. पण शहराचा सगळ्यात मोलाचा ठेवा पायांखाली, काही ठिकाणी सात-आठ मीटर जाड असलेल्या काळ्या, ओल्या मातीत आहे. राजांनी हा कोट जिंकला, लुटला, पुन्हा बांधला, परक्या सैन्याने जाळला. या सगळ्या उलथापालथीत माणसांची बोलणी जपली ती चिखलाने. म्हणून नोव्हगोरोद बघताना तटाइतकेच जमिनीकडेही लक्ष द्यावे.

इल्मेन सरोवरातून निघून उत्तरेला लादोगा सरोवराकडे जाणारी व्होल्खोव्ह शहराचे दोन भाग करते. डाव्या काठी कोट आणि सोफियाचे कॅथेड्रल, म्हणून ती ‘सोफिया बाजू’. उजव्या काठी बाजारपेठ, म्हणून ती ‘व्यापारी बाजू’. स्कँडिनेव्हियातून निघालेला माल नद्या आणि होड्या ओढून न्यायच्या वाटांनी थेट काळ्या समुद्रापर्यंत, कॉन्स्टँटिनोपलला जायचा. त्या जलमार्गाचा उत्तरेकडचा नाका म्हणजे नोव्हगोरोद. रशियन बखरींत शहराचा उल्लेख नवव्या शतकापासून येतो. १९९२ साली इथल्या जुन्या वास्तू जागतिक वारसा यादीत गेल्या.

तटाच्या आत

इथल्या बालेकिल्ल्याला ‘देतिनेत्स’ म्हणतात. त्याच्या बांधकामाचा पहिला उल्लेख १०४४ सालचा. तेव्हाचा तट माती आणि लाकडाचा होता. आज दिसणारा लाल विटांचा तट पंधराव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने बांधवला. ज्याने या शहराचे स्वातंत्र्य संपवले त्यानेच त्याला भक्कम तट दिला. सुमारे दीड किलोमीटर घेराच्या या तटावर आता नऊ बुरूज शिल्लक आहेत. त्यांतल्या ‘कोकुय’ बुरुजाचा वरचा भाग सतराव्या शतकातला. तो चाळीस मीटरांहून उंच आहे आणि लांबूनच ओळखू येतो.

आत शिरल्यावर पहिले दर्शन सोफिया कॅथेड्रलचे घ्यावे. १०४५ ते १०५० या काळात राजपुत्र व्लादिमीर यारोस्लाविचने ते उभारले. रशियात अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंत त्याची गणना होते. पांढऱ्या, जाड, जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती, वर पाच घुमट आणि जिन्याच्या बुरुजावर सहावा. मधला सोनेरी, बाकीचे करडे. नक्षीकामाची हौस इथे कुणी केलेली नाही, सगळा भर वजनावर आणि उंचीवर. शहराची तिजोरी आणि महत्त्वाची कागदपत्रे इथेच असत. पश्चिमेच्या दारावर ब्राँझचे पत्रे जडवलेले आहेत. हे दार बाराव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतल्या माग्देबुर्गमध्ये पोलंडच्या प्लोत्स्कमधील बिशपसाठी घडवले गेले. रिक्विन आणि वाइसमुट या जर्मन कारागिरांनी त्यावर स्वतःच्या आकृत्या कोरल्या. दार नोव्हगोरोदला आल्यावर ते जुळवून दुरुस्त करणाऱ्या आव्राम या स्थानिक कारागिराची आकृतीही तिथे आली. तिघेही हातात हत्यारे घेऊन उभे आहेत. राजे आणि संतांच्या गर्दीत आपली जागा राखून ठेवणारे कारागीर असे क्वचितच भेटतात.

मधल्या घुमटावरच्या क्रुसावर धातूचे कबूतर बसलेले दिसते. लोककथा सांगते, की १५७० साली ‘भयंकर’ इव्हानच्या शिपायांनी चालवलेली कत्तल पाहून एक कबूतर तिथेच थिजले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांबरोबर लढणाऱ्या स्पॅनिश ‘निळ्या डिव्हिजन’ने हा क्रूस काढून स्पेनला नेला. तो २००४ मध्ये परत आला. घुमटावर आता प्रतिकृती आहे, मूळ क्रूस कॅथेड्रलच्या आत ठेवला आहे.

शेजारची १४३३ सालची ‘व्लादिच्नाया पालाता’, म्हणजे आर्चबिशपचा दरबार, जर्मन गवंड्यांच्या मदतीने बांधली गेली. आतल्या एकाच खांबावर तोललेल्या गॉथिक कमानी पाहिल्या की हे शहर कुणाकुणाशी व्यवहार करत होते ते सांगावे लागत नाही.

राजाशी करार करणारे शहर

नोव्हगोरोदचे वेगळेपण त्याच्या कारभारात होते. ११३६ साली शहरकऱ्यांनी आपला राजपुत्र व्सेवोलोद याला हाकलून दिले. त्यानंतर राजपुत्र यायचा तो बोलावण्यावरून आणि अटी मान्य करून. त्याचे काम मुख्यतः लढायचे आणि न्यायात भाग घ्यायचे. नोव्हगोरोदच्या मुलखात जमीन विकत घ्यायची त्याला मनाई होती, आणि त्याचा मुक्काम शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला गोरोदिश्चेवर. शहराचा कारभार ‘वेचे’ नावाच्या सभेत चाले. सभेसाठी घंटा वाजे. ‘पोसादनिक’ हा नगरप्रमुख तिथे निवडला जाई. आर्चबिशपसुद्धा तीन नावांच्या चिठ्ठ्या टाकून ठरवत. ही सगळ्यांची लोकशाही होती असे मानायचे कारण नाही. खरी सत्ता ‘बोयार’ म्हणजे मोठ्या जमीनदार घराण्यांकडे होती, आणि त्यांच्या भांडणांपायी मधल्या पुलावर दोन्ही काठांची माणसे एकमेकांना भिडत. तरीही एकाच माणसाच्या हुकमावर शहर चालत नव्हते, हे त्या काळात मोठे होते.

१२३८ च्या वसंतात बातू खानाचे मंगोल सैन्य तोर्झोक घेऊन उत्तरेकडे आले आणि नोव्हगोरोदपासून सुमारे शंभर व्हर्स्ट, म्हणजे शंभरेक किलोमीटर अलीकडून मागे फिरले. पुढे शहराला खंडणी भरावी लागली, पण जाळपोळ टळली. शहर शेवटी हरले ते मॉस्कोपुढे. जुलै १४७१ मध्ये शेलोन नदीच्या लढाईत त्याचे सैन्य मोडले. १४७८ मध्ये वेचे कायमची बरखास्त झाली आणि सभेची घंटा मॉस्कोला नेण्यात आली. विरोधाच्या अग्रभागी मार्फा बोरेत्स्काया होती, एका पोसादनिकची विधवा. तिलाही धरून नेण्यात आले. याच सुमारास मॉस्कोच्या शेजारच्या त्वेर शहरातला व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरून जुन्नरच्या पावसाळ्यात अडकला होता आणि बहामनी राज्याची नोंद लिहून ठेवत होता. आपल्या रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. तो मायदेशी परतत असताना स्मोलेन्स्कजवळ वारला. त्यानंतर काही वर्षांतच त्याचे त्वेरसुद्धा मॉस्कोने घेतले.

पूल ओलांडून

कोटातून नदीकाठी उतरले की पादचारी पूल व्यापारी बाजूला नेतो. समोर पांढऱ्या कमानींची लांब रांग दिसते, ती सतराव्या शतकातल्या बाजारवाड्याची उरलेली भिंत. तिच्यामागे ‘यारोस्लावचे अंगण’: १११३ सालचे निकोलाय कॅथेड्रल आणि आजूबाजूला व्यापाऱ्यांनी बांधवलेली चर्चे. ११२७ साली सुरू झालेल्या सेंट जॉनच्या चर्चमध्ये मेणाच्या व्यापाऱ्यांचा संघ होता. मालाची अधिकृत वजने-मापे तिथे ठेवलेली असत. परदेशी व्यापार करणाऱ्यांनी १२०७ मध्ये परास्केवाचे चर्च उभारले.

खारीची कातडी आणि मेण पश्चिमेला जाई. चांदी, कापड, मीठ इकडे येई. हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचे ‘सेंट पीटरचे अंगण’ याच भागात होते. रात्री फाटक बंद करून आत कुत्री सोडत, आणि सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणून माल चर्चमध्येच ठेवत. तिसऱ्या इव्हानने १४९४ मध्ये ते बंद केले आणि शहराच्या समृद्धीचा कणाच मोडला.

याच व्यापारातून साद्को जन्मला. बखरीत ११६७ साली कोटात दगडी चर्च बांधणाऱ्या सोत्को सित्यनिचचे नाव येते. लोककाव्यांत तो वाद्य वाजवणारा साद्को बनून समुद्रतळाच्या राजाकडे जातो. रिम्स्की-कोर्साकोव्हने त्यावर रचलेला ऑपेरा १८९८ मध्ये मॉस्कोत रंगमंचावर आला. त्यात नोव्हगोरोदच्या घाटावर एक भारतीय व्यापारी येऊन आपल्या देशाचे वर्णन गातो, आणि आजही तेच गाणे ऑपेरातले सर्वांत लोकप्रिय आहे.

इल्यिन रस्त्यावरचे १३७४ चे ‘रूपांतरा’चे चर्च चुकवू नये. बायझंटियमहून आलेल्या ग्रीक फेओफानने १३७८ मध्ये त्यात भित्तिचित्रे काढली. त्याची म्हणून लिखित पुराव्यानिशी ओळखली जाणारी एवढीच भित्तिचित्रे उरली आहेत. मातकट तांबड्या रंगावर पांढऱ्या रंगाचे दोन-चार झपाटलेले फटकारे, एवढ्यावर त्याने संतांचे चेहरे जिवंत केलेत.

झाडाच्या सालीवरची माणसे

आता जमिनीकडे. इथली जमीन चिकणमातीची, पाणी न झिरपू देणारी. ओलाव्याने भरलेल्या थरांत हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड, कातडे, साल कुजत नाही. रस्त्यावर चिखल होई म्हणून लोक ओंडके अंथरत. काही वर्षांत चिखल वर चढे, मग त्यावर नवे ओंडके. एका रस्त्यावर उत्खननात असे अठ्ठावीस थर एकावर एक सापडले, दहाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकापर्यंतचे. ओंडक्यांच्या वर्तुळांवरून प्रत्येक थराचे साल ठरवता येते. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर डांबरावर डांबर चढवून घरांची जोती खाली जातात, तसेच हे. फरक इतकाच, की इथल्या प्रत्येक थरात त्या पिढीने टाकलेले सगळे जसेच्या तसे राहिले.

२६ जुलै १९५१ रोजी पुरातत्त्वज्ञ आर्त्सिखोव्स्की यांच्या उत्खनन मोहिमेत काम करणाऱ्या नीना आकुलोव्हाला ओंडक्यांच्या फटीत गुंडाळलेली साल दिसली. तिच्यावर अक्षरे होती. ते पहिले ‘भूर्जपत्र’, गावांकडून येणाऱ्या करांची यादी. आपल्याकडे भूर्जपत्र म्हटले की काश्मीरकडची पवित्र हस्तलिखिते आठवतात, शाईने लिहिलेली. नोव्हगोरोदला भूर्जाच्या सालीवर टोकदार सळईने ओरखडून लिहीत, वाचून झाले की फेकून देत. आजवर अकराशेहून अधिक पत्रे सापडली आहेत आणि त्यांतली बहुतेक अगदी घरगुती आहेत. कुणी उधारी मागतो, कुणी नवरा बायकोला कामांची यादी धाडतो, मिकिता उल्यानित्साला लग्नाची मागणी घालतो. अकराव्या-बाराव्या शतकातली एक बाई, निरोप पाठवूनही न आलेल्या पुरुषाला रागाने आणि दुखऱ्या मनाने जाब विचारते. लिहिणाऱ्यांत बायकाही आहेत, व्यापारीही, जमीनदारांचे कारभारीही.

त्यांत सगळ्यांचा लाडका म्हणजे ओन्फिम. तेराव्या शतकातला सहा-सात वर्षांचा हा मुलगा. अक्षरे गिरवता गिरवता कंटाळून तो घोडेस्वार काढतो, शत्रूला भाला मारणारा. माणसांच्या हातांना कधी तीन, कधी पाच बोटे. एक विचित्र प्राणी काढून तो मीच, असेही लिहून ठेवतो.

या पत्रांतली ‘चुकीची’ वाटणारी स्पेलिंगे अडाणीपणाची नसून नियमबद्ध आहेत, हे भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांनी दाखवले. त्यातून प्राचीन नोव्हगोरोदी बोली समोर आली. २००० साली त्रोइत्स्की उत्खननात लाकडी पाट्यांवर मेण लावून लिहिलेले स्तोत्रांचे पुस्तक निघाले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे पुस्तक रशियातल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी एक आहे. ही खणाई १९७३ पासून चालू आहे. ती कोटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि उन्हाळ्यात जवळून पाहता येते. मूळ पत्रे आणि अकराव्या ते सतराव्या शतकांतली चित्रे कोटातल्या संग्रहालयात आहेत.

पुन्हा जुळवलेले शहर

ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४४ हे शहर जर्मनांच्या ताब्यात होते. सुटले तेव्हा सुमारे चाळीस इमारती धड उरल्या होत्या. सोफियाच्या घुमटातले ख्रिस्ताचे प्राचीन चित्र नष्ट झाले होते. कोटाच्या मध्यावर १८६२ मध्ये उभारलेले शिल्पकार मिकेशिनचे ‘रशियाची सहस्र वर्षे’ हे ब्राँझचे स्मारक तुकडे करून जर्मनीला न्यायच्या तयारीत बर्फात पडले होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ते पुन्हा उभे झाले. सव्वाशेहून अधिक आकृत्यांत मार्फा आहे, तिच्या पायाशी फुटलेली घंटा. भयंकर इव्हान मात्र नाही. १५७० मध्ये त्याने इथे किती माणसे मारली यावर इतिहासकारांचे एकमत नाही. त्याला वगळण्यावर मात्र तेव्हाच्या साम्राज्यातही एकमत झाले.

शहराबाहेरच्या कोवाल्योव्होच्या चर्चची १३८० सालची भित्तिचित्रे युद्धात चक्काचूर झाली होती. ग्रेकोव्ह दांपत्याने ढिगाऱ्यातले लाखो तुकडे वेचून अनेक वर्षे ती जुळवली. जुळवलेले भाग आता संग्रहालयात आहेत.

जायचे तर

सेंट पीटर्सबर्गहून नोव्हगोरोद साधारण १९० किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने तीनेक तासांत पोचता येते. स्थानकापासून कोट वीसेक मिनिटे चालत. कोटात शिरायला पैसे पडत नाहीत, संग्रहालये आणि काही वास्तूंना तिकीट आहे. कॅथेड्रल पूजेत आहे, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. दक्षिणेला युर्येव्ह मठातले १११९ मध्ये सुरू झालेले कॅथेड्रल आणि शेजारचे लाकडी घरांचे ‘वितोस्लाव्लित्सी’ संग्रहालय बसने गाठता येते. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, पण आपली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डे रशियात चालत नाहीत, रोख रक्कम जवळ हवी. युद्धाच्या सध्याच्या काळात परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहूनच बेत आखावा.

एक दिवस कोटासाठी, एक व्यापारी बाजूसाठी ठेवला तर घाई होणार नाही. जून-जुलैत गेलात तर रात्रीही उजेड असतो आणि खणाईही चालू असते. जुन्या शहराचा अगदी थोडा भाग आजवर खणून झाला आहे. दर उन्हाळ्यात काही नवी पत्रे निघतात, आणि नोव्हगोरोदविषयी आपण वाचलेले पुस्तक त्या उन्हाळ्यापुरते तरी जुने होते.