हिंसेचे जाळे, सलोख्याचे जाळे

सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेवर हल्ले झाले, तेव्हा व्हाल्डिस क्रेब्स या अभ्यासकाने केवळ वर्तमानपत्रांत छापून आलेल्या माहितीवरून 19 अपहरणकर्त्यांच्या आपसांतील संबंधांचा नकाशा काढला. कोण कुणाबरोबर राहिला, कुणी कुणाबरोबर विमान चालवण्याचे धडे घेतले, कुणाची कुणाशी जुनी ओळख होती, अशा तपशिलांतून माणसांच्या जागी बिंदू आले आणि संबंधांच्या जागी रेषा. 2002 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळात नेटवर्क अ‍ॅनालिसिस, म्हणजे संबंधजाळ्यांचे विश्लेषण, विद्यापीठांच्या चार भिंतींतून बाहेर पडले. दहशतवादाचे जाळे, त्याचा केंद्रबिंदू, तो बिंदू काढला की जाळे विस्कटते, ही भाषा तेव्हापासून रुळली. या पद्धतीचा गेल्या काही दशकांचा प्रवास पाहिला, की मला मात्र वेगळेच दिसते. माणूस हुडकण्याच्या कामात तिने दिलेले यश तुरळक आहे. हिंसेत माणसे का उतरतात, ती कुठे पसरते आणि कुठे पसरत नाही, हे समजावून देण्यात तिचे खरे मोल आहे. आणि ती जिथे फसली, तिथे दोन बिंदूंमधला संबंध कसला आहे हे कुणी विचारले नव्हते.

तिची सर्वांत भक्कम कामे 2001 च्या आधीची आहेत. मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी 1964 च्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या महाविद्यालयांतील तरुणांकडून अर्ज मागवले गेले. मोहीम सुरू होताच तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली, त्यामुळे धोका काय आहे हे सगळ्यांना कळले होते. डग मॅकअ‍ॅडम या समाजशास्त्रज्ञाला पुढे या मोहिमेचे हजाराहून अधिक अर्ज सापडले. त्यांत प्रत्यक्ष गेलेले होते, तसेच अर्ज करून ऐनवेळी मागे राहिलेलेही होते. ध्येयनिष्ठेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो ओळखींचा. ज्यांचे जिवलग मित्र जाणार होते आणि जे आधीपासून संघटनांत होते, ते गेले. एकटे पडलेले मागे राहिले. विचार पटला म्हणून माणूस जीव धोक्यात घालतो, या समजुतीला 1986 च्या त्या निबंधाने मोठा तडा दिला. रॉजर गूल्ड यांनी 1991 मध्ये हाच प्रश्न 1871 च्या पॅरिस कम्यूनला विचारला. कामगारवर्गाचा उठाव अशी कम्यूनची ख्याती आहे. पण प्रशासक ओस्मान यांनी शहराची पुनर्बांधणी केल्यावर कष्टकरी कुटुंबे बेलव्हीलसारख्या कडेच्या वस्त्यांत फेकली गेली होती आणि नॅशनल गार्डच्या तुकड्या राहत्या वस्तीप्रमाणे भरल्या जात होत्या. काही लोक मात्र आपला विभाग सोडून शेजारच्या विभागाच्या तुकडीत दाखल झाले होते. गूल्ड यांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की अशा भरतीने जोडलेले विभाग प्रतिकारातही एकमेकांच्या बरोबरीने राहिले. शेजार हाच लढ्याचा धागा होता. सुमारे 120 वर्षे जुन्या नोंदींतून एवढे काढता आले, कारण गूल्ड यांना त्या नोंदीमागचा समाज माहीत होता. तुकडीतले नाव म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्यांनी आधी शोधले आणि मगच गणित मांडले.

2001 नंतर हा क्रम उलटला. आधी रेषा, मग अर्थ. इशारा देणारे कुणी नव्हते असे नाही. माल्कम स्पॅरो यांनी 1991 मध्येच लिहिले होते की गुन्हेगारी जाळ्यांची माहिती नेहमी अपुरी असते, जाळ्याची हद्द कुठे संपते हे ठरवता येत नाही आणि जाळे सतत बदलत असते. क्रेब्स यांनाही आपला नकाशा घटनेनंतर काढणे सोपे गेले याची जाणीव होती. शिवाय त्यांना दिसलेले जाळे विरळ होते. एकाच कटातली माणसेही एकमेकांशी थेट जोडलेली नव्हती. ज्या कटात माणसे मुद्दाम संबंध टाळतात, तिथे मध्यभागी दिसणारा माणूस हा पुष्कळदा केवळ आपल्याला जास्त माहिती असलेला माणूस असतो. यावर सद्दाम हुसेन यांचे उदाहरण हमखास पुढे केले जाते, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिक्रितच्या परिसरातील कुटुंबे, अंगरक्षक आणि सोयरिकी यांचे तक्ते अमेरिकी सैन्याने तयार केले आणि 13 डिसेंबर 2003 रोजी सद्दाम पकडले गेले. यश खरे होते. पण ते आले कारण त्या रेषा रक्ताच्या आणि विश्वासाच्या होत्या, तपासलेल्या होत्या. आणि त्यानंतर इराकमधली हिंसा थांबली नाही, उलट पुढच्या वर्षांत भडकली. जेना जॉर्डन यांनी 1945 ते 2004 या काळातील नेता टिपण्याच्या 298 घटना तपासून असे दाखवले की जुन्या, मोठ्या आणि धार्मिक संघटना नेता गेल्यावर बहुधा तग धरतात. सर्व अभ्यासकांना हे मान्य नाही, तरी केंद्र काढले की जाळे कोसळते हा विश्वास त्यानंतर पूर्वीसारखा निःशंक राहिला नाही.

चुकीची किंमत कोण मोजतो हे दोन उदाहरणांतून कळते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी गुप्त कागदपत्रांत असे आढळले की फोनच्या नोंदी आणि प्रवास यांवरून संशयित शोधणाऱ्या एका कार्यक्रमाने अल जझीराच्या इस्लामाबादमधील ब्यूरो प्रमुखांवर बोट ठेवले होते. पत्रकार अतिरेक्यांशी बोलतो आणि त्यांच्या मुलुखात फिरतो, ते त्याचे कामच आहे. रेषेला मात्र मुलाखत आणि कट यांतला भेद ठाऊक नसतो. शिकागो पोलिसांनीही अशाच संबंधांच्या आधारे गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेल्या लोकांची यादी केली. 2016 मध्ये रँड संस्थेच्या पाहणीत त्या यादीमुळे हत्या कमी झाल्याचे दिसले नाही आणि 2019 मध्ये ती बंद झाली.

दरम्यान विद्यापीठांत शांतपणे चांगले काम होत राहिले. पॉल स्टॅनिलंड यांनी 2014 च्या आपल्या ग्रंथात काश्मीर, अफगाणिस्तान, श्रीलंका येथील बंडखोर संघटना तपासल्या आणि युद्धापूर्वीची सामाजिक वीण संघटनेचा घाट ठरवते, असे दाखवले. सारा पार्किन्सन यांनी लेबनॉनमधील पॅलेस्टिनी गटांवर लिहिताना स्त्रियांच्या रोजच्या नात्यांकडे लक्ष वेधले. 1982 च्या इस्रायली आक्रमणानंतर निरोप, पैसा आणि माहिती याच नात्यांतून फिरत राहिली. संघटनेच्या अधिकृत तक्त्यात या स्त्रिया कुठेच दिसत नाहीत. नायजेरियावरचा 2020 चा डॉर्फ, गॅलप आणि मिन्हास यांचा अभ्यास वेगळ्या अंगाचा आहे. त्यात बिंदू म्हणजे माणसे नसून सैन्य, पोलीस, टोळ्या आणि सशस्त्र गट आहेत. बोको हराम या सशस्त्र संघटनेच्या प्रवेशाने तिच्याशी थेट न लढणाऱ्या गटांमधली हिंसाही बदलली, हे त्यातून कळले. दोन-दोन गटांच्या जोड्या सुट्या काढून तपासल्या असत्या तर ही गोष्ट नजरेतून निसटली असती.

आपल्या घराजवळचा पुरावा मात्र भिवंडीचा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या मागोव्यात तोच सर्वांत बोलका आहे. यंत्रमागांचे हे गाव 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगलींत होरपळले. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागले, अफवा आणि किरकोळ तंटे तिथल्या तिथे मिटू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळाली, सुमारे 900 माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या ग्रंथात अलीगढ आणि कालिकत यांसारख्या शहरांच्या जोड्या तपासून हेच तत्त्व मांडले. खेड्यात रोजची ओळख पुरते. शहरात दोन्ही समाजांना जोडणाऱ्या व्यापारी संघटना, कामगार संघ, पक्ष, समित्या लागतात.

यावरचे आक्षेप गंभीर आहेत. पॉल ब्रास यांनी अलीगढच्या दीर्घ अभ्यासातून दंगली आपोआप होत नाहीत, त्या घडवणारी कायमची यंत्रणा असते, असे म्हटले. मला हा आक्षेप पूरक वाटतो, कारण ती यंत्रणाही संबंधांचीच आहे आणि दोन्ही जाळी एकाच गल्लीत असू शकतात. स्टीव्हन विल्किन्सन यांचे म्हणणे असे की मतांच्या गरजेवरून राज्य सरकार दंगल रोखायची की नाही ते ठरवते. पण 1992 मध्ये मुंबई आणि भिवंडी यांवर एकाच सरकारची सत्ता होती. तिसरा आक्षेप सर्वांत कठीण: शांतता असते म्हणून संबंध जुळतात, संबंध जुळतात म्हणून शांतता असते असे नव्हे. भिवंडीत मात्र क्रम नोंदलेला आहे. आधी दंगल, मग समित्या, मग कसोटी. एका गावावरून नियम सिद्ध होत नाही आणि त्या काळातील पोलिसांची दक्षता समित्यांपासून वेगळी काढून मोजता येत नाही, हे मान्य करूनही हा पुरावा जड आहे.

महाराष्ट्रात असा अभ्यास पुढे नेण्याजोगे साहित्य आहे. भिवंडी, जळगाव आणि महाड येथील 1970 च्या दंगलींवरचा न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आहे, मुंबईवरचा 1998 चा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आहे. दोषी कोण, याच प्रश्नासाठी ते बहुधा उघडले जातात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते दुसऱ्या प्रश्नासाठीही उघडावेत: कोणत्या वस्त्या पेटल्या नाहीत, तिथे कोण कुणाला ओळखत होते, आणि ती ओळख कुठल्या कामातून झाली होती. मोहल्ला समित्यांत बसलेली माणसे आता वयस्कर झाली आहेत. त्यांच्या मुलाखतींचे काम विद्यापीठांनी याच वर्षी हाती घ्यावे.