जेसीबीचा पाय खाली बसतो तेव्हा

विहिरी, नळयोजना, रस्ते यांची कामे वाढली तशी गावोगाव बॅकहो लोडर यंत्रे दिसू लागली. कंपनी कोणतीही असो, लोक त्याला जेसीबीच म्हणतात. या यंत्रांच्या दुरुस्तीवर आमच्या पुष्कळ कारागीर बांधवांची रोजी चालते. ट्रकच्या कामात हात बसलेला उस्ताद हेही काम उचलतो. मात्र मागच्या पायांचा हायड्रॉलिक जॅक बदलताना काही ठिकाणी जी घाई चालते, ती जिवावर बेतणारी आहे. म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

खोदकाम चालू असताना यंत्राच्या मागच्या भागाचा भार या दोन पायांवर असतो. प्रत्येक पायात एक सिलिंडर. पिस्टनचा व्यास 10 सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला 200 किलो दाब मिळाला की जोर साडेपंधरा टनांवर जातो. कारच्या टायरातील हवेच्या दाबाच्या हा जवळजवळ शंभर पट आहे. ज्या नळीत एवढा दाब असतो, तिच्याशी पाण्याच्या नळीसारखे वागून चालत नाही.

पाय हळूहळू बसतो, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की लगेच नवा सिलिंडर सांगू नये. रॉडवर ऑइल ओघळत असेल तर तोंडाकडचे सील गेले आहे. रॉड कोरडा आहे आणि तरीही पाय बसतो, तर पिस्टनचे सील गेले असेल किंवा लॉक वाल्व धरत नसेल. पाइप फुटला तरी यंत्र आदळू नये म्हणून हा वाल्व ऑइल आत कोंडून ठेवतो. दोन्ही बाजूंचे वाल्व सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष दुसऱ्या पायाकडे गेला तर सिलिंडर निर्दोष आहे. वाल्वच्या किमतीत काम होत असता सिलिंडरचे पैसे घेणे, यात कसली आली बरकत?

पण याच वाल्वमुळे धोकाही आहे. इंजिन बंद केले, लिव्हर मागेपुढे हलवले, तरी वाल्वच्या पलीकडे दाब कोंडलेला राहू शकतो. पायावर भार असताना वाल्व किंवा पाइप खोलला तर यंत्र एकदम खाली येते. म्हणून यंत्र कठीण, सपाट जमिनीवर घ्यावे, पुढचा व मागचा बकेट जमिनीला टेकवावा, चाकांना अडण लावावी. पाय ना लटकता, ना यंत्र उचललेले, असा लाकडी ठोकळ्यावर नुसता टेकवावा. किल्ली आपल्या खिशात ठेवावी. मग फडके गुंडाळून नट किंचितच सैल करावा आणि ऑइल जिरू द्यावे.

गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडीत घुसते. वर टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो आणि बोट कापण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि ‘दाबाचे ऑइल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. शागिर्दांना हे पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे.

पाइपांना खुणा कराव्यात, तोंडे स्वच्छ बुचांनी बंद करावीत. सिलिंडर साखळीने धरल्याशिवाय पिन काढू नये. कठीण पोलादी पिनेवर थेट हातोडा मारू नये, कपची उडून डोळा जातो. मध्ये पितळी दांडा धरावा, चष्मा घालावा.

सिलिंडर खोलल्यावर रॉडवरून नख फिरवावे. ओरखडा नखाला अडकला तर नुसते सील किट घालून उपयोग नाही. नवे सीलही लवकर फाटेल. रॉड सरळ आणि गुळगुळीत असेल तर किटवर भागते. सीलची ओठाची बाजू दाबाकडे यायला हवी. नवा सिलिंडर घेताना पिन ते पिन लांबी, मिटलेली आणि उघडलेली अशी दोन्ही, तसेच रॉडची जाडी आणि पाइपाचे आटे जुन्याशी ताडून पाहावेत. बुश झिजला असेल तर तोही आताच बदलावा.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचे घालावे. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगून खराब होतात. मग भार न देता पाय चार-सहा वेळा सावकाश पूर्ण खालीवर करावा म्हणजे हवा निघते. त्यानंतर टाकीची पातळी पाहावी. शेवटी यंत्र थोडेसे उचलून इंजिन बंद करावे, रॉडवर खडूने खूण करावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. त्या वेळात यंत्राखाली कोणी जाऊ नये. खूण जागची हलली नाही तरच बिल करावे आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. त्याची भंगाराची किंमतही त्याचीच असते.