किशोरवयातील उच्च रक्तदाब : मोजल्याशिवाय कळत नाही

उच्च रक्तदाब हा उतारवयातील विकार आहे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींमध्येही तो आढळतो. बहुतेकांना त्याचा कोणताही त्रास जाणवत नाही. परंतु दुर्लक्ष झाल्यास हृदयाच्या स्नायूंवर, मूत्रपिंडांवर आणि रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. किशोरवयातील उच्च रक्तदाब पुढे प्रौढपणीही टिकून राहण्याची शक्यता असते.

किती रक्तदाब योग्य?
१३ वर्षे व त्यावरील वयासाठी :
• सामान्य : १२०/८० पेक्षा कमी
• वाढलेला : वरचा आकडा १२० ते १२९, खालचा ८० पेक्षा कमी
• उच्च : वरचा आकडा १३० किंवा अधिक, अथवा खालचा ८० किंवा अधिक
१३ वर्षांखालील मुलांचा रक्तदाब वय, लिंग व उंची पाहून डॉक्टर ठरवतात.

धोका कोणाला अधिक?
• वजन प्रमाणापेक्षा जास्त असलेल्यांना
• आईवडिलांना उच्च रक्तदाब असलेल्यांना
• जन्माच्या वेळी वजन कमी असलेल्यांना
• मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांना
• खारट पदार्थांचे अतिसेवन, बैठी दिनचर्या, अपुरी झोप किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्यांना

रक्तदाब मोजताना
मोजणीपूर्वी अर्धा तास व्यायाम, चहा व कॉफी टाळावी. पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार, पावले जमिनीवर टेकलेली आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. दंडावरचा पट्टा मापाचा हवा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढलेला दिसतो. एकदाच आकडा जास्त आला म्हणून घाबरू नये आणि तो विसरूही नये. सामान्यतः तीन वेगवेगळ्या भेटींत मोजणी करूनच निदान केले जाते. मात्र आकडा १४०/९० किंवा अधिक असल्यास त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरी काय करावे?
• पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स व पाकीटबंद नूडल्स क्वचितच द्यावेत. जेवताना वरून मीठ घेऊ नये. सैंधव व काळ्या मिठातही सोडियम असतेच.
• फळे, भाज्या, डाळी व कडधान्ये रोज द्यावीत.
• मुलामुलींना दररोज किमान ६० मिनिटे खेळ किंवा व्यायाम आणि रात्री ८ ते १० तास झोप मिळावी.
• वजनावरून मुलांना टोमणे मारू नयेत. आहारातील बदल संपूर्ण कुटुंबाने करावा.
• घरातील मोठ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मुलांना कदापि देऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःहून बंद करू नये.

तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, धाप लागणे किंवा झटके येणे अशी लक्षणे दिसल्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

आपल्या पाल्याचा रक्तदाब वर्षातून एकदा नजीकच्या शासकीय आरोग्य केंद्रात अवश्य मोजून घ्यावा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा.