चालती खुर्ची चढ चढेल का?

खेळण्यातील यंत्रमानवाच्या दोन जुन्या मोटारी खुर्चीला जोडल्या, तर ती तुम्हांला घेऊन चालेल? चढावर तर नाहीच! हिशेब करा. माणसासह खुर्ची ९० किलो; १२ मीटर जाताना १ मीटर चढायचे. चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड बांधतात ती साधारण अशीच. मागे ओढणारे बल ९० × ९.८ ÷ १२, म्हणजे ७३.५ न्यूटन. चाकाची त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर प्रत्येक मोटारीवर सुमारे ३.७ न्यूटन-मीटर, घर्षण वेगळेच.

लोधिवलीसारख्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या गावी गॅरेजात जुन्या गाडीची वायपरची मोटार मिळाली, तर पाहा. तिच्यातील मळसूत्री दाते वेग घटवून जोर वाढवतात. वीज गेली तरी खुर्ची सहसा मागे घरंगळत नाही. तरीही ब्रेक हवाच! वळायचे? एक मोटार थांबवा. खुर्ची त्याच बाजूला वळेल.